सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये स्लग वापरताना काय तपासायचं आणि साफसफाईनंतर ती पुन्हा कशी जोडायची?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना एस१२के माहीत असते. चाप दाबत राहायचं, ती झाडत राहते. काही शॉटगनना 'चोक' लावला की छर्रे कमी पसरतात, म्हणजे चोक मिळाला तर लावायचाच, हे गेममध्ये सगळ्यांना पाठ असतं. खऱ्या बंदुकीत मात्र हाच नियम महागात पडू शकतो. चुकीच्या चोकमधून स्लग झाडला तर नळी फाटू शकते.

हा विषय नुसता गेमचा नाही. आमच्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड पट्ट्यात रानडुकरं आणि गवे उसात, भातात, भुईमुगात शिरतात. त्यामुळे पीक संरक्षणाची किंवा स्वसंरक्षणाची परवानाधारक बंदूक असलेली घरं गावोगाव आहेत. परवाना वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो आणि "जरा यूट्यूबवर बघ रे, ही कशी उघडायची" असं नातवाला सांगितलं जातं. तिकडचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिथली बंदूक वेगळी, काडतूस वेगळं, कायदाही वेगळा. म्हणून ही माहिती मराठीत एका जागी दिली आहे.

थोडक्यात सांगायचं तर

- परवान्यावर, नळीवर आणि काडतुसावर लिहिलेलं एकमेकांशी जुळलं पाहिजे. एक जरी जुळत नसेल तर झाडायचं नाही.
- स्लगसाठी मोकळी नळी किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक. फुल चोक नाही.
- स्लग किलोमीटरभर जाऊ शकतो. ऊस त्याला अडवत नाही.
- सेमी-ऑटोमॅटिक स्वतःच पुढचं काडतूस भरते, म्हणून ती रिकामी आहे की नाही हे तीन ठिकाणी पाहायचं.
- जोडल्यावर एखादा भाग उरला, तर बंदूक जोडून झालेली नाही.

स्लग म्हणजे नेमकं काय?

वेबसाइटच्या पत्त्यातला 'स्लग' हा नव्हे. शॉटगनच्या साध्या काडतुसात छर्रे असतात. सहा नंबरच्या काडतुसात असे शेकडो बारीक छर्रे मावतात. एलजी, एसजी या काडतुसांत मोजके पण जाड छर्रे असतात. स्लगच्या काडतुसात छर्रे नसतात, शिशाची एकच जाड गोळी असते.

बारा बोअर हे नावही वजनावरून आलं आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या तर एका गोळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो, आणि तोच नळीचा व्यास. त्यामुळे बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर बारापेक्षा बारीक असते.

नेहमीचा बारा बोअर स्लग साधारण २८ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला ४७५ मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो. हिशोब केला तर ऊर्जा सुमारे ३,१६० ज्यूल येते. ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीत साधारण ५०० ज्यूल असतात. यावरून स्लगचा अंदाज यावा.

स्लगचे तीन प्रकार लक्षात ठेवा:

- ब्रेनेके: जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये तयार केला. भरीव शिसं आणि मागे जोडलेला वॅड, म्हणजे बूच.
- फॉस्टर: अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांचा, १९३१ चा. पुढून जड, मागून पोकळ, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा सरळ जातो. अंगावर तिरप्या रेघा असतात. त्या गोळी फिरवण्यासाठी आहेत असा समज आहे, पण फिरकी त्यांच्यामुळे फारशी मिळत नाही. चोकमधून जाताना शिसं दबायला जागा मिळावी, हा त्यांचा खरा उपयोग.
- सॅबो: प्लॅस्टिकच्या आवरणात बसवलेली बारीक गोळी. ही आटे पाडलेल्या नळीसाठी असते. गुळगुळीत नळीतून ती गडबडत जाते, नेम लागत नाही. आपल्याकडच्या घरगुती बंदुकीसाठी हा प्रकार नाहीच.

सेमी-ऑटोमॅटिक कशी चालते?

डबल बारी बंदुकीत सगळं डोळ्यांसमोर असतं. नळी मोडली की दोन भोकं दिसतात, काडतूस आहे की नाही हे लगेच कळतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम आत, झाकलेल्या जागी होतं. चाप एकदा ओढला की एकच बार होतो, पण त्यानंतर रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि नळीखालच्या मॅगझिनमधून पुढचं आत घेणं हे बंदूक स्वतः करते. त्यासाठी लागणारी ताकद ती तीन पद्धतींनी मिळवते:

- नळीच्या धक्क्यावर: जॉन ब्राउनिंग यांची ऑटो-५ ही या प्रकारातली प्रसिद्ध बंदूक. तिचं उत्पादन १९०२ च्या सुमारास सुरू झालं. बार झाला की पूर्ण नळीच मागे सरकते.
- गॅसवर: नळीला बारीक भोक असतं. त्यातून आलेला गॅस पिस्टन मागे ढकलतो. १९६३ ची रेमिंग्टन ११०० ही अशी.
- जडत्वावर: बेनेलीच्या बंदुका. बंदूक धक्क्याने मागे येते, बोल्टचा जड भाग जागेवर राहतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच बोल्ट उघडते.

आपली बंदूक यांतली कोणती हे माहीत असल्याशिवाय ती उघडू नका. जोडताना होणारी चूक प्रत्येकीत वेगळी असते.

आधी परवाना वाचा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. संरक्षण किंवा खेळासाठीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी किमान २० इंच हवी. आणि पीक संरक्षणासाठी कायद्याने मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला वाटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळते.

सेमी-ऑटोमॅटिक बंदूक साध्या बारा बोअरच्या परवान्यात आपोआप बसते असं धरून चालू नका. आयुध नियम, २०१६ मध्ये शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत आणि सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रांकडे कायदा जास्त कडकपणे पाहतो. परवान्यावर कोणतं शस्त्र, कोणता वर्ग आणि किती काडतुसं लिहिली आहेत ते वाचा. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. परवान्यावरचा यूआयएन क्रमांक म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधली त्या परवानाधारकाची नोंद.

आणि वाचकांपैकी अनेकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्यानेच हाताळायची. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. घरात आहे म्हणून हातात घेऊन रील काढणं हा पोलीस ठाण्याचा सरळ रस्ता आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्ना-वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नळीवर काय लिहिलंय?

चार्जर घेताना आपण व्होल्ट आणि अँपिअर बघतो. बंदुकीचं तसंच आहे, फक्त चूक झाली तर मोबाइल जळत नाही, बोटं जातात. नळीवर, चेंबरच्या जवळ, बोअर आणि चेंबरची लांबी कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. काही बंदुकांवर हेच इंचांत २½, २¾, ३ असं असतं.

इथे एक फसवी गोष्ट आहे. काडतुसावरचं ७० मिमी हे माप झाडल्यानंतर, तोंड उघडलेल्या काडतुसाचं असतं. न झाडलेलं त्याहून आखूड असतं. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि "बसलं म्हणजे चालतं" असं वाटतं. बार होताना मात्र त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. जुन्या बंदुकांत हा धोका खरा आहे, कारण त्यांतल्या अनेकींचे चेंबर ६५ चे असतात. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालतं, उलटं कधीच नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये फार आखूड किंवा हलकं काडतूस अडकू शकतं, एवढाच त्रास.

दुसरा धोका वीस बोअरच्या काडतुसाचा. ते बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामा दिसतो. मग बाराचं काडतूस भरून झाडलं की नळी फुटते. दोन्ही बोअरची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका कपाटात कधीच ठेवायची नाहीत.

चोक: स्लगसाठी कोणता?

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला निमुळतेपणा. बारा बोअरमध्ये साधारण असा:

- सिलिंडर: काहीच निमुळतं नाही
- इम्प्रूव्ह्ड सिलिंडर: सुमारे ०.२५ मिमी
- मॉडिफाइड: सुमारे ०.५ मिमी
- फुल: सुमारे ०.९ ते १ मिमी

छर्रे एकमेकांवर सरकून या वाटेतून निघतात. स्लग एकसंध असतो, त्याला स्वतः दबून जावं लागतं. म्हणून सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर वापरायचा. याहून घट्ट चोक तेव्हाच, जेव्हा बंदूक बनवणारा आणि काडतूस बनवणारा या दोघांनीही लेखी चालेल म्हटलं असेल.

सुटे, आट्यांचे चोक असतील तर अनेक कंपन्यांच्या चोकच्या कडेवर खाचा असतात. एक खाच म्हणजे फुल, चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. खाच जितकी कमी, चोक तितका घट्ट. चोक किल्लीने पूर्ण बसवा. सैल चोकची कड नळीत पुढे येते आणि स्लग तिच्यावर आदळतो. चोक न लावता झाडणंही चूक, त्याने आतले आटे खराब होतात.

जुन्या इंग्लिश बंदुकांवर एक इशारा कोरलेला सापडतो. १८७५ च्या ब्रिटिश चाचणी नियमांनंतर चोक असलेल्या नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असा शिक्का मारत, म्हणजे यातून एकच मोठी गोळी झाडू नका. १८८७ पासून त्या जागी नुसतं 'चोक' लिहू लागले. आजोबांच्या बंदुकीवर यातलं काही दिसलं तर उत्तर तिथेच मिळालं. शिक्का झिजला असेल किंवा नसेलच, तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून तोंडाचं माप घ्या. नाणं घालून बघण्याचे प्रकार करू नका.

मॅगझिनमध्ये भरताना

नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात, म्हणजे मागच्याचं नाक पुढच्याच्या टोपीला टेकतं. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातला, ठोका बसला की पेटणारा भाग. म्हणून टोकदार नाकाचे स्लग अशा मॅगझिनसाठी चालतात का, हे खोक्यावर वाचल्याशिवाय भरायचे नाहीत. बोथट नाकाचे बरे.

छर्रे आणि स्लग एकत्र भरू नका. पुढच्या बाराला काय निघणार हे लक्षात राहीलच असं नाही, आणि दोघांच्या पल्ल्यात केवढा फरक आहे ते पुढे बघू. स्लगचं तोंड बहुधा गोल दुमडलेलं असतं आणि आत शिसं दिसतं, छर्र्यांचं चांदणीसारखं बंद असतं. तरी अंधारात बोटांवर विश्वास ठेवण्यापेक्षा स्लगसाठी वेगळा पट्टा, वेगळा खिसा ठेवलेला चांगला.

गोळी कुठपर्यंत जाते? मोबाइल काढा आणि मोजा

गुळगुळीत नळीतून स्लगचा खात्रीचा नेम ५० ते ७५ मीटरपर्यंत धरतात. लोक हा आकडा लक्षात ठेवतात आणि इथेच घोटाळा होतो, कारण नेम संपला म्हणून गोळी थांबत नाही.

झुर्ने या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने एक जुना, सोपा आडाखा आहे. शिशाच्या गोल गोळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि साधारण ८० ने गुणा. येईल तो जास्तीत जास्त पल्ला, मीटरमध्ये.

- सहा नंबरचा छर्रा, सुमारे २.६ मिमी: साधारण २१० मीटर
- एलजी, सुमारे ९.१ मिमी: साधारण ७३० मीटर
- बारा बोअरची पूर्ण गोल गोळी, १८.५ मिमी: साधारण १,४८० मीटर

स्लग गोल नसतो म्हणून आकडा थोडा बदलेल, पण नळी वर उचललेली असेल तर तो किलोमीटरच्या पुढे जातो हे धरूनच चालायचं.

आता मोबाइलवर गुगल मॅप्स उघडा. आपल्या शेताच्या मध्यावर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि चारही दिशांना दीड किलोमीटर मोजा. गडहिंग्लज तालुक्यातलं कुठलंही शिवार घ्या, त्या वर्तुळात वस्ती, रस्ता, शाळा, पाणंद, कोणाचा तरी गोठा येतोच. हंगामात त्यात ऊसतोड मजुरांच्या खोपीही येतात. त्या दरवर्षी वेगळ्या फडाजवळ असतात आणि कुठल्याच नकाशावर नसतात. खोपीची भिंत म्हणजे पाचट आणि ताडपत्री.

म्हणून झाडण्याआधी दोनच प्रश्न. समोर नक्की काय आहे? आणि त्याच्या मागे काय आहे? मागे मातीचा उंच बांध किंवा टेकडीची कड असेल तरच गोळी थांबते. ऊस फक्त दृष्टी अडवतो, गोळी नाही. जांभ्या खडकावरून आणि नदी-विहिरीच्या पाण्यावरूनही गोळी उसळून दिशा बदलू शकते. रात्री पाला हलला, आवाज आला, डोळे चमकले, यावर झाडायचं नाही. डोळे कुत्र्याचे असतात, गाईचे असतात, आणि हलणारा पाला कधी पाणी पाजायला आलेल्या शेजाऱ्याचाही असतो.

पण गवा आला तर?

गवा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याला मारलं तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षांची कैद. हत्तीचंही तेच. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याचा लेखी आदेश मिळू शकतो, पण त्या आदेशाशिवाय पीक संरक्षणाचा परवाना असूनही शिकार हा गुन्हाच. पीक संरक्षण परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, प्राणी मारण्याचा नव्हे. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. नुकसानभरपाईसाठी पंचनामाही लागतो, तेव्हा पिकाचे फोटो तारखेसह काढा. मोबाइलचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे.

उघडण्याआधी: रिकामी आहे का, तीन ठिकाणी पाहा

कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. त्यांच्या खेळात कोणी "रिकामी आहे" असं सांगून चालत नाही. रेंजवर बोल्ट उघडा ठेवून चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो, म्हणजे लांबूनही दिसतं. घरी तीच सवय लावायची.

१. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, सेफ्टी लावलेली.
२. मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने चेंबर आणि मॅगझिनमधली काडतुसं काढा. बोल्ट एकदा ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर पडलं, तरी त्याच वेळी मॅगझिनमधलं दुसरं वर आलेलं असू शकतं.
३. बोल्ट मागे अडकवा. आता पाहा आणि बोटाने चाचपा: चेंबर, काडतूस वर उचलणारा लिफ्टर आणि मॅगझिनचं तोंड.
४. काडतुसं मोजा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा.

सेफ्टी लावली म्हणजे झालं, असं समजू नका. बहुतेक शॉटगनमध्ये ती फक्त चाप अडवते. भरलेली बंदूक पडली तर सेफ्टी असूनही बार होऊ शकतो.

खोलणं आणि परत जोडणं

प्रत्येक मॉडेलचा क्रम थोडा वेगळा असतो, म्हणून मॅन्युअल आधी. मोठ्या कंपन्यांचे मॅन्युअल त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतात. पांढरं कापड अंथरा, चष्मा लावा, स्प्रिंग उडते. परवानाधारक बंदूक खोलत असताना बाजूला बसलेल्या नातवाने मोबाइल धरावा आणि प्रत्येक भाग निघाला की त्याचा फोटो घ्यावा: कोणती बाजू पुढे, कोणती वर. हे फोटो फोनमध्येच राहू द्या. बंदुकीचा नंबर दिसणारा फोटो कुठल्याच ग्रुपवर टाकायचा नाही.

खोलताना साधारण क्रम असा असतो: मॅगझिनची टोपी, पुढचं लाकूड, नळी, गॅसचे भाग किंवा रिंगा, मग बोल्टचा हँडल आणि बोल्ट. चापाचा पूर्ण संच दोन पिनांवर असतो. तो बाहेर काढलेला असताना चाप दाबू नका, घोडा जोरात आपटून सांगाडा तडकू शकतो. घरच्या साफसफाईसाठी तो संच आतून उघडायची गरज नसते.

जोडताना जिथे चुका होतात ती ठिकाणं:

- नळीतून आरपार बघा. साफसफाईची चिंधी आत राहिली तर पुढच्या बाराला नळी फुगते किंवा फाटते. नळी आणि चेंबर कोरडे पुसा.
- गॅसवाल्या बंदुकीत पिस्टन आणि रिंगांची दिशा फोटोत बघून लावा. रेमिंग्टन ११०० मध्ये एक छोटी रबरी ओ-रिंग असते. ती राहिली किंवा चिरली की गॅस निसटतो आणि काडतूस बाहेर पडत नाही. पिस्टनवर तेल थापू नका, काजळी चिकटून घट्ट होते.
- ऑटो-५ सारख्या बंदुकीत मॅगझिनच्या नळकांड्यावर स्प्रिंग, पोलादी रिंग आणि पितळी घर्षण-कडं असतं. जड काडतुसांसाठी पोलादी रिंग स्प्रिंगच्या पुढे, तिची उतरती कड पितळी कड्याकडे. हलक्यासाठी तीच रिंग स्प्रिंगच्या मागे. हलक्याच्या मांडणीत स्लग झाडले तर नळी जोरात मागे आपटते आणि पुढचं लाकूड तडकतं.
- बोल्टमागची दांडी. काही बंदुकांत बोल्टला मागे एक लोंबती दांडी असते. ती दस्त्यातल्या स्प्रिंगच्या खळग्यात बसली पाहिजे. चुकून चापाच्या संचावर आली तर बोल्ट अर्ध्यात अडकतो. तिथे जोर लावायचा नाही, मागे येऊन पुन्हा बसवायचं.
- नळीची बैठक. नळी बॉडीत फट न राहता बसली पाहिजे. मॅगझिनची टोपी हाताने घट्ट करा, पक्कड नको. टोपी सैल राहिली की नळी हलते आणि नेम बदलतो.
- चोक पुन्हा तपासा, साफसफाईत तो काढलेला असतो.

जोडल्यावर रिकाम्या बंदुकीची चाचणी

काडतुसं अजून दुसऱ्या खोलीतच. तीन ठिकाणं पुन्हा पाहा, मग:

१. बोल्ट चार-पाच वेळा मागे-पुढे करा. कुठे अडखळायला नको.
२. सेफ्टी लावून चाप दाबा. काही होता कामा नये.
३. सेफ्टी काढून चाप दाबा. 'टक' ऐकू येईल.
४. चाप दाबूनच ठेवा, बोल्ट ओढून सोडा. 'टक' होता कामा नये. चाप हळू सोडा, आता पुन्हा दाबल्यावर 'टक' व्हायला हवं.

चौथी पायरी चुकली तर बंदूक एका दाबात दोन बार काढू शकते. ती दुरुस्ती घरी होत नाही, परवानाधारक कारागिराकडेच न्या. सगळं बरोबर असेल तर पहिला बार रेंजवर घ्या, चेंबरमध्ये एकच काडतूस घालून. मग दोन. त्यानंतर पूर्ण. आपण कोड थेट प्रॉडक्शनला टाकत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आवाज वेगळा आला तर?

नेहमीचा धडाका न येता 'फुस्स' असा बार झाला की थांबा. आतलं बूच किंवा स्लगच नळीत अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करा, नळी काढा, आरपार बघा. चाप दाबला आणि काहीच झालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, टोपी उशिरा पेटू शकते. बांध ओलांडताना नळीचं तोंड चिखलात गेलं असेल तरी हाच नियम: आधी रिकामी करायची, मग आरपार बघायचं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्लगने सेमी-ऑटोमॅटिक खराब होते का?
नळीवरच्या मापाचं काडतूस, योग्य चोक आणि बरोबर जोडणी असेल तर नाही. कमी धक्क्याचे स्लग मात्र जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीत पूर्ण काम करतीलच असं नाही.

फुल चोकमधून एखादा स्लग चालेल ना? कोणीतरी झाडलाय म्हणे.
फॉस्टर स्लग दबून निघून जाऊ शकतो, म्हणूनच लोकांना खात्री वाटते. पण नळी जुनी आहे, शिसं कठीण आहे की चोक सैल आहे, हे त्या "कोणीतरी"ला माहीत नसतं. नको.

पावसाळ्यात ठेवलेली जुनी काडतुसं वापरू का?
आपल्याकडच्या पावसात कागदी काडतुसं फुगतात आणि पितळी बुडाला हिरवा गंज चढतो. अशी काडतुसं सेमी-ऑटोमॅटिकमध्ये अडकतात किंवा फुसकी निघतात. पुरू नका, जाळू नका. परवानाधारक विक्रेता किंवा पोलीस ठाण्याला विचारून जमा करा.

स्लग कुठे मिळतो?
फक्त परवानाधारक दारूगोळा विक्रेत्याकडे, परवान्यावरच्या नोंदीसह. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसं पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. कोणतंही काडतूस घेताना खोक्यावरची लांबी वाचून घ्या.

आजोबा वारले, बंदूक घरातच आहे. काय करायचं?
ठेवून घेऊ नका, खोलू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा, पावती घ्या, आणि हवी असेल तर वारस म्हणून स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करा.

घरात अशी बंदूक असेल तर आज एकच काम करा. परवानाधारकाला बंदूक रिकामी करून नळीवरचा मजकूर मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही समोर परवाना आणि काडतुसाचं खोकं घेऊन बसा. तिन्ही जुळतात का बघा, आणि जुळत नसतील तर ते खोकं पुन्हा दुकानात न्या.